मोसम संपेपर्यंत

अच्युत गेल्याचा फोन गौरीने हॉस्पिटलातून केला. सोमवारची सकाळ होती. रात्रभर हॉस्पिटलात बसून मी आंघोळीपुरता घरी आलो होतो, टॉवेल अजून खांद्यावरच होता. गौरी ही अच्युतची एकुलती एक मुलगी. कॅल्गरीला असते, मला वसंतकाका म्हणते, आणि तोडकंमोडकं का होईना, माझ्याशी कायम मराठीत बोलायची धडपड करते. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले." आणि वर म्हणाली, "आय ॲम टेलिंग यू राइट अवे." फोन बंद. ते शेवटचं वाक्य मला लागावं म्हणूनच होतं, आणि ते लागलं. तीन महिने झाले, मी ते घेऊन फिरतो आहे. गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचे गुण सांगायचे असतात, ते मी सांगणारच आहे. पण त्याबरोबर माझा एक गुन्हाही सांगावा लागेल, कारण अच्युतचे शेवटचे आठ महिने त्याच्याशिवाय सांगताच येत नाहीत.

अच्युत मिरजेचा, मी कराडचा. म्हणजे तसे शेजारीच, पण भेट झाली ती इथे हॅमिल्टनला, ऑपरेशनच्या टेबलावर. पोलादाच्या कारखान्यात मी नुकता लागलो होतो, अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, आणि तोंडावर मास्क धरून उभा असलेला एक उंच, सावळा डॉक्टर चार्टवरचं माझं आडनाव वाचून म्हणाला, "शंभरापासून उलटे आकडे मोजा. मराठीत मोजा, बघू येतात का." मी अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचलो. शुद्धीवर आलो तर हा पायाशी उभा. म्हणाला, "अठ्ठ्याण्णवनंतर काय येतं ते आठवलं का?" पुढे जन्मभर तो मला चारचौघांत "अठ्ठ्याण्णव" म्हणून चिडवायचा. भूल देणाऱ्या माणसाचा असतो तसा त्याचा आवाज नेहमी खालच्या पट्टीतला. रागावला तरी तसाच. माझं बरोबर उलटं. भट्टीशेजारी तीस वर्षं काढल्यामुळे मी साधं "मीठ दे" म्हटलं तरी कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी भांडतो आहे असं वाटतं.

कॅनडात येण्याआधी अच्युतने तीन वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका हॉस्पिटलात काढली होती. त्या गावात दुसरा हिंदुस्थानी माणूस नाही, बारा महिने पाऊस, आणि जेवायला उकडलेले बटाटे. तो सांगायचा, "पहिले चार महिने पेशंट सोडून माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि पेशंट बोलता बोलता झोपून जायचे." मग हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलणाऱ्या एका म्हाताऱ्याने एका शनिवारी त्याला ओढत रग्बीच्या मैदानावर नेलं. खेळ त्याला ओ की ठो कळला नाही. पण एक गोष्ट त्याने तिथे पाहिली आणि ती त्याच्या मनात कायमची बसली. खांबांमधून चेंडू मारायला खेळाडू उभा राहिला की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. गाणारे, शिव्या घालणारे, प्यायलेले, सगळे गप्प. आणि आपला खेळाडू असो वा समोरच्यांचा, नियम एकच. "परक्याच्या किकलासुद्धा गप्प राहतात रे ते," तो म्हणायचा. "मला वाटलं, अशा लोकांत आपण राहू शकू." मुलगी लग्नाची असताना नोकरी इथली बरी म्हणून... नाही, चुकलो, गौरी तेव्हा झालीही नव्हती. नलिनीवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ इकडे होता म्हणून तो इकडे आला. पण तो संघ त्याच्याबरोबर आला.

पुढे तो खेळ पगारी झाला, टीव्हीवर दिसायला लागला, आणि अच्युत रिटायर झाला, हे सगळं थोड्याफार अंतराने घडलं. त्या संघाच्या दरवर्षी दोन लढाया असतात, एवढं मला त्याच्यामुळे कळलं. एक घरची लीग, जिच्यात वेल्स, स्कॉटलंड, इटलीचेही संघ असतात, आणि दुसरी सबंध युरोपची मोठी स्पर्धा. सप्टेंबरात सुरू होतं ते मे अखेरपर्यंत चालतं. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून मी दर शनिवारी त्याच्या बेसमेंटमध्ये जाऊन बसायला लागलो. तिथली दुपार म्हणजे आपली सकाळ, तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, त्यामुळे सामने अगदी सोयीच्या वेळी. मला स्वतःला क्रिकेट सोडून कशातही रस नाही. तीस धटिंगण चिखलात एकमेकांवर लोळतात, त्याला खेळ म्हणणं मला आजही जड जातं. मी जायचो ते अच्युतसाठी, आणि खरं सांगायचं तर त्याच्या सोडा-ब्रेडसाठी. आयरिश पद्धतीचा पाव तो स्वतः भाजायचा आणि त्याच्याबरोबर कैरीचं लोणचं द्यायचा. किकची वेळ आली की तो एक बोट वर करायचा. मग मी तोंडातला घाससुद्धा चावायचा नाही. संघाचं नाव तो कधी घेत नसे. "आपली पोरं" म्हणायचा.

सोळा सालच्या ऑक्टोबरात, युरोपातल्या पहिल्याच सामन्यात, आपली पोरं फ्रान्समध्ये सपाटून मार खात होती. मध्यंतर झालं. अच्युतने टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्याच खालच्या पट्टीत मला म्हणाला, "वसंता, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. सर्जरीच्या पलीकडे गेलाय. स्कॅन मी स्वतः बघितला." मी काय बोललो ते मला आठवत नाही. काहीतरी मोठ्याने बोललो असणार, कारण त्याने किकच्या वेळचं ते बोट वर केलं. मग म्हणाला, "गौरीला सांगायचं नाही." मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? तेव्हा त्याने शांतपणे सगळं मांडलं. आईच्या आजारपणात गौरी चार महिने इथे येऊन राहिली, त्यात तिची नोकरी गेली. आता कुठे दुसऱ्या तेलकंपनीत जम बसतो आहे, त्यात कॅल्गरीत तेलाची अवस्था वाईट, नवऱ्याला घरी बसवलेलं. "आत्ता सांगितलं तर ती उद्याच्या विमानाने येईल आणि मी पेशंट होईन. रविवारी तिचा फोन येतो तेव्हा मला मुलांच्या हॉकीचं ऐकायचं असतं रे. तिचं रडणं ऐकायचं नाही. थोडे दिवस मला बाप राहू दे." मी विचारलं, थोडे दिवस म्हणजे किती? टीव्हीकडे बोट करून तो म्हणाला, "ही पोरं युरोपातून बाहेर पडली की मी स्वतः सांगतो. तोवर तू तोंड उघडायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. का दिला, तर मी स्कोअर बघत होतो. बावीस पॉइंटने मागे होते! आदल्या वर्षी हे लोक जानेवारीतच युरोपातून बाहेर फेकले गेले होते. मी मनात म्हटलं, फार तर तीन महिने. जानेवारीत गौरीला कळेल, तोवर तोही सावरेल. एवढा विचार करून मी त्याच्या हातावर हात ठेवला, आणि मला वाटलं की मी मोठं शहाणपण केलं.

पोरं सुधारली. कशाने सुधारली देव जाणे. नोव्हेंबरात लीगमध्ये चार सामने ओळीने जिंकले. डिसेंबरात एका इंग्लिश संघाशी पाठोपाठ दोन सामने होते, एक घरी जिंकला आणि दुसरा त्यांच्या मैदानावर बरोबरीत सोडवला. अच्युत खुर्चीत पुढे सरकून बसायचा, डोळे लकाकायचे, आणि पाव मात्र सगळा माझ्या ताटात. नाताळला गौरी मुलांना घेऊन येणार होती. त्याने तिला सांगितलं की बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय, कार्पेट उखडून ठेवलंय, मुलांना झोपायला जागा नाही, उन्हाळ्यात या. तिला शंका आली असावी, कारण तिने मला फोन केला. "काका, इज इट दॅट बॅड?" मी त्याच बेसमेंटमध्ये, कोरड्या ठणठणीत कार्पेटवर पाय पसरून बसलो होतो. म्हटलं, "हो गं, सगळं भिजलंय. वास येतोय नुसता." इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. अच्युतने माझ्याकडे बघून मान हलवली... शाबासकी दिल्यासारखी.

जानेवारीच्या शेवटच्या सामन्यात नुसतं जिंकून भागणार नव्हतं. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की ट्राय होतो, असे चार ट्राय केले तर एक जादा गुण मिळून पोरं पुढच्या फेरीत जाणार होती. तीन झाले होते आणि पाच मिनिटं उरली होती. आणि मी, आयुष्यात कधी देवापुढे धड हात न जोडलेला माणूस, चौथा होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. चौथा झाला. आठ-दहा जण एकमेकांना ढकलत रेषेवर कोसळले आणि पंचाने हात वर केला. अच्युतने माझा खांदा धरून उठायचा प्रयत्न केला. तेव्हा मला त्याचं वजन कळलं. ओली चादर उचलायलासुद्धा त्याहून जास्त जोर लागतो.

फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली. पित्ताच्या नळीत नळी घालून आणली, तरी डोळे पिवळे ते पिवळेच. रविवारी गौरी व्हिडिओवर यायची. त्यासाठी तो दोन स्वेटर घालायचा आणि उभा दिवा पाठीमागे ठेवायला लावायचा, म्हणजे चेहरा अंधारात राहतो, रंग कळत नाही. तो दिवा मी सरकवत असे. जरा डावीकडे, जरा मागे, असं तो सांगायचा आणि मी सरकवायचो. "बाबा, आय कान्ट सी यू," गौरी म्हणायची. हा म्हणायचा, "अगं, म्हातारा झालोय, काय बघायचंय त्यात?" आणि मुलं पडद्यावर येऊन "हाय आजोबा" करून पळायची. ती दहा मिनिटं तो खरोखर सुखी असे, हे मी शपथेवर सांगेन. नुसतं दुःखाचंच सांगितलं तर तेही खोटं होईल.

कुंदाला मी काही सांगितलं नव्हतं. पण मार्चमध्ये ती त्याच्याकडे भाजी द्यायला गेली आणि परत येऊन कोट न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. "किती दिवस माहितीये तुम्हाला?" मी सांगितलं. गौरीला माहीत नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून त्या पोरीचा गळा कापताय." तिने फोन उचलला. मी तिचा हात धरला, म्हटलं, शब्द मी दिलाय. त्यावर ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "मरणाऱ्याला दिलेला शब्द पाळता, मग मागे राहणारीचं काय? शब्द तुमचा ना, मग पापही तुमचंच." फोन तिने खाली ठेवला, पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात जेवणाच्या वेळी फक्त भांड्यांचा आवाज होता. मी तिला तेव्हा थांबवलं नसतं तर... पण थांबवलं.

एप्रिलच्या सुरुवातीला युरोपची उपउपांत्य फेरी पोरांनी घरच्या मैदानावर जिंकली. महिनाअखेर उपांत्य सामना झाला, एका मोठ्या फ्रेंच संघाशी, आणि त्यात ती हरली. चांगली हरली, सरळ हरली, शेवटच्या वीस मिनिटांत तर उभीच राहू शकली नाहीत. शिट्टी झाली तशी माझ्या छातीवरचा दगड उतरला. लाज वाटते सांगायला, पण मी हसलो. म्हटलं, "चल, अच्युत. लाव फोन." तो टीव्हीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "लीग आहे ना अजून. प्ले-ऑफला आलोत आपण." मी म्हटलं, "ठरलं होतं युरोपचं." तो म्हणाला, "सीझन म्हटलं होतं मी." त्याने सीझन म्हटलं नव्हतं, युरोप म्हटलं होतं, मला पक्कं आठवतंय. भांडायला माझ्याइतका तयार माणूस उभ्या हॅमिल्टनात नसेल. पण त्याने माझ्याकडे बघितलं, आणि चाळीस वर्षांत प्रथमच मला त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मरणाची नव्हे, फोनची. आणि मी गप्प बसलो. मघाशी कुंदाला थांबवल्याचं सांगितलं, ती चूक होती. पण गुन्हा म्हणतात तो हा, कारण आता मला कुठल्याही शब्दाने बांधलेलं नव्हतं.

मेच्या मधल्या शनिवारी लीगचा उपांत्य सामना होता. अच्युत आता सोफ्यावर आडवाच असे. पोरं दोन पॉइंटने मागे, वेळ संपलेली, आणि त्यांना एक किक मिळाली, लांबची, कोपऱ्यातून. अच्युतने उशीवरूनच बोट वर केलं. चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून पलीकडे पडला. अशा किकचे तीन पॉइंट, म्हणजे पोरं एका पॉइंटने जिंकली. मी कपाळावर हात मारला. ते त्याने पाहिलं. म्हणाला, "वसंता, तू त्यांच्या हरण्याची वाट बघतोस ना रे?" खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. म्हटलं, "हो." तो छताकडे बघत म्हणाला, "मी पण." आणि हसला. "पण ही कार्टी ऐकतच नाहीत." आम्ही दोघंही हसलो, मग हसणं थांबलं, आणि त्याने हात पुढे केला. "दे फोन." मी नंबर लावून दिला. कॅल्गरीत सकाळ होती. मागून मुलांचा गलका ऐकू येत होता, कुठलं तरी मैदान असावं. गौरी म्हणाली, "बाबा, गेम चालू आहे मुलांची, कॅन आय कॉल यू बॅक?" तो म्हणाला, "हो हो. काही नाही गं, सहज केला." तिचा परत फोन आला तेव्हा तो झोपला होता. दुसऱ्या दिवशी रविवार, नेहमीचं बोलणं झालं, आणि तो पुन्हा काही बोलला नाही.

अंतिम सामना दोन आठवड्यांनी, शनिवारी होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी पहाटे त्याला थंडी वाजून ताप भरला आणि मी त्याला हॉस्पिटलात आणलं. हे त्याचंच जुनं हॉस्पिटल, काही नर्सेस त्याला ओळखत होत्या. एकीने मला विचारलं, "डॉटरला कळवलंय ना?" मी म्हटलं, कळवतोच. गुरुवारी दिवसभर तो बोलत होता. दमत दमत, पण बोलत होता. मिरजेच्या कॉलेजातलं काहीबाही, नलिनीवहिनींचं, आणि शनिवारी सामना टॅबलेटवर दिसेल का ते. फोन माझ्या खिशात होता. मी मनाशी म्हटलं, दोनच दिवस, शनिवारी संपेलच, त्यालाच सांगू दे, त्याचा हक्क आहे... शुक्रवारी सकाळी तो कुणालाच ओळखेना. तेव्हा मी गौरीला फोन केला. मिळेल त्या विमानाने ती टोरोंटोला उतरली, तिथून गाडीने आली, संध्याकाळी वॉर्डात पोचली. अच्युत सोमवारी गेला, त्याआधी डोळे उघडलेच नाहीत. गुरुवारी सकाळी फोन केला असता तर त्या दोघांना काही तास मिळाले असते. सगळं त्याच्या माथी मारता येईल, पण तो गुरुवार माझा आहे.

अंत्यसंस्कार झाले त्या दिवशी गौरी घरी आल्याबरोबर बेसमेंटमध्ये गेली. मी जिन्यातच उभा राहिलो. तिने चपला काढल्या, कार्पेटवर अनवाणी चालली, कोपऱ्यात वाकून हाताने चाचपलं. "इट्स द सेम कार्पेट," ती म्हणाली. "काका, ये वही है," म्हणून पुढे हिंदीतही काहीतरी म्हणाली. रागात तिची सगळ्या भाषांची खिचडी होते. मी म्हटलं, "हो, पाणी आलंच नव्हतं." तिने मला घरी जायला सांगितलं. पुढचे तीन आठवडे ती घर आवरत तिथेच होती आणि मी दोन रस्ते सोडून माझ्या घरात होतो. कुंदा डबा घेऊन जायची. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलवावं असं मी काही केलंही नव्हतं.

मग जूनअखेर एका शनिवारी तिचा फोन आला. "काका, बेसमेंटमध्ये या." गेलो तर टीव्ही लावलेला. केबलच्या पेटीत अच्युतने सगळा मोसम रेकॉर्ड करून ठेवला होता. सामना बघता बघता हल्ली त्याला डुलकी लागायची, म्हणून. गौरी म्हणाली, "यू गॉट ऑल दोज सॅटरडेज. मला ते हवेत. सगळे. हे लावते, तुम्ही सांगायचं, बाबा काय म्हणाले, कुठे बसले, काय खाल्लं. अँड डोंट मेक इट अप." त्या दिवसापासून आम्ही एकेक सामना बघायला लागलो. तिला खेळ समजून घ्यायचा नव्हता. ती मध्येच थांबवायची आणि विचारायची, "आत्ता?" आठवलं तर मी सांगायचो. इथे त्याने आपल्याच पोरांना गाढव म्हटलं. इथे लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली. इथे तो झोपला होता. पुष्कळ वेळा काहीच आठवायचं नाही, स्कोअर तेवढा आठवायचा. "नाही आठवत," म्हटलं की ती मान हलवायची आणि पुढे लावायची. माझ्याजवळ चांगले सात-आठ महिने होते आणि मी ते स्कोअर बघत घालवले, हे मला तिच्यासमोर बसून कळलं.

जुलैच्या शेवटी तो एका पॉइंटचा सामना आला. मी कुंदाला आदल्या दिवशी म्हटलं होतं, हे पोरीला सांगू नये, जन्मभर मनाला लावून घेईल. कुंदा म्हणाली, "पुन्हा तुम्हीच ठरवा, तिला काय कळावं ते." किक खांबाला लागून आत गेली, गौरीने पेटी थांबवली. "आत्ता बाबा काय म्हणाले?" मी सगळं सांगितलं. हरण्याची वाट बघतोस ना, मी पण, दे फोन... सगळं. ती पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आय सेड आय विल कॉल यू बॅक." मी म्हटलं, "हो." "फोन ठेवल्यावर काय म्हणाले?" मी म्हटलं, "बिझी आहे गं ती, एवढंच म्हणाला. माझ्याऐवजी तुझ्या आईला सांगितल्यासारखं. मग चहा मागितला." "प्यायले?" "अर्धा." ती रडली नाही. दोन्ही पाय सोफ्यावर घेऊन, अच्युत पडायचा त्याच जागी ती बसून राहिली, आणि मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण तो हक्क मी गमावला होता.

त्यानंतर पेटीत एकच सामना उरला, अंतिम. तो आपोआप रेकॉर्ड झाला, तेव्हा आम्ही सगळे हॉस्पिटलात होतो. कोण जिंकलं ते मला माहीत नाही, मी कुणाला विचारलेलं नाही. गौरीने तो लावला नाही. म्हणाली, "यात बाबा नाहीयेत." गेल्या आठवड्यात मुलांची शाळा आणि संपत आलेली बिनपगारी रजा म्हणून ती कॅल्गरीला परत गेली. घर विक्रीला लागलं आहे, केबल बंद केली आहे, आणि ती पेटी कंपनीला नेऊन द्यायचं काम माझ्यावर सोपवलं आहे. दिली की ते लोक सगळं पुसून दुसऱ्या कुणाला देतात, असं तिनेच सांगितलं. पेटी आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे, वायर गुंडाळून ठेवलेली. बटणांवर अच्युतच्या बोटांनी लागलेलं लोणच्याचं तेल आहे, ते मी पुसत नाही आणि कुंदालाही पुसू देत नाही.

काल रविवार होता, गौरीचा फोन आला. आता रविवारी ती मला फोन करते. बोलणं होतं दोन मिनिटांचंच. तिने विचारलं, "काका, पेटी दिलीत?" दिली, म्हणणं किती सोपं होतं. मी म्हटलं, "नाही गं. दोनदा गाडीत ठेवली आणि परत आणली. माझ्याच्याने होत नाही." मग ती म्हणाली, मराठीत म्हणाली, "मग नका देऊ. मी येईपर्यंत असू दे."